दानियल मास्तरांचा सूर्य

बेल्यात संध्याकाळ झाली की नाही, हे आकाशाकडे बघून ठरवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. दानियल मास्तरांची सायकल सुटली की संध्याकाळ. मग बायका चुली पेटवायच्या, गुराखी गुरं वळवायचे, कोंबड्या डालग्यात शिरायच्या. एकदा मास्तर तापानं पडले, तेव्हा अर्ध्या गावाच्या कोंबड्या रात्रभर रस्त्यावर होत्या. हे मी गेली तीस वर्षं सांगतोय आणि अजून एकाही कोंबडीनं ते नाकारलेलं नाही.

ही सायकल सुटायची ती मास्तरांनी स्वतः दिवसभरात केलेली भांडणं मिटवायला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, घड्याळांचे. माझ्या किराणा दुकानाला लागूनच त्यांची टपरी होती. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं सुतळी, एका डोळ्याला सदा भिंग. गावात ख्रिस्ती घर ते एकच, आणि त्या घरात माणूसही एकच. त्यांच्या शास्त्रात सांगितलंय म्हणे, राग आला तर येऊ दे, पण दिवस मावळायच्या आत तो उतरला पाहिजे. मास्तर ते आपल्या भाषेत सांगायचे : “रागाले रातचा मुक्काम नाही द्याचा बाप्पा. एकदा निजला का तो घरचाच होते. मंग सकायी जेवाले मांगते.”

शास्त्र सोपं होतं. अवघड होता तो मास्तरांचा स्वभाव. भर उन्हात ठेवलेला रॉकेलचा डबा परवडला. त्यातून धंदा घड्याळांचा आणि गिऱ्हाईक आमच्या गावचं. कोणी घड्याळ घालून कपाशीच्या पऱ्हाटीला फवारा मारायचा, कोणी त्याच्यासकट म्हैस धुवायचा. एका पाटलानं तर घड्याळ अडकतंय म्हणून त्यात करडीचं तेल सोडलं होतं. मास्तरांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, “अबे, हे घड्याळ हाये का पणती? वात कुठं हाये याची?” पाटील चिडून गेला. त्या दिवशी सूर्य बुडायच्या आत मास्तर सहा किलोमीटर सायकल हाणत त्याच्या शेतावर पोचले, हात जोडले आणि खिशातून एक पेरू काढून दिला.

हा पेरू महत्त्वाचा. मास्तरांच्या अंगणात पेरूचं एक झाड होतं आणि रिकाम्या हातानं माफी मागायची नाही, असा त्यांचा नेम होता. पेरू आतून गुलाबी, आणि गोड असा की खाणाऱ्याला आठवडाभर चहात साखर लागत नसे. त्यामुळे व्हायचं काय, की हंगाम आला की गावभर मास्तरांशी भांडायला रांग लागायची. भाजीवाल्या कौसाबाई तर दुपारी चारलाच पदर खोचून यायच्या. “काऊन हो मास्तर, तुमच्या सायकलीनं माह्या मेथीवर धूळ उडवली?” मास्तर तापायचे, दोघांची चांगली जुंपायची, आणि साडेपाचला कौसाबाई ओट्यावर बसून पेरूची वाट बघायच्या. ज्यांचा राग मोठा त्यांना पेरू मोठा, असा आपला गावाचा समज.

राग आवरायचा मास्तर प्रयत्न करत नव्हते असं नाही. रोज सकाळी प्रार्थना करून आले की माझ्याकडून एक लवंग घ्यायचे आणि दाढेखाली धरायचे. “जिभेचा पहारेकरी हाये हा. तिखट शब्द निंगाले लागला का आधी हा चावते.” पहारेकरी बहुतेक दहाच्या आत शहीद व्हायचा. मग दुसरा. माझ्या दुकानातली लवंगेची विक्री मास्तरांच्या संयमावर चालत होती.

तरुणपणी त्यांना शिंदी पिण्याचा नाद होता. तो सुटून वीस वर्षं झाली होती, तरी शिंदीच्या दुकानावरून ते जात नसत. घर त्या दुकानामागे दोनशे पावलांवर. पण मास्तर मोठ्या नाल्याला वळसा घालून, दोन शेतं ओलांडून घरी पोचायचे. मी एकदा म्हटलं, “मास्तर, आता काय भ्यायचं? वीस वर्षं झाली.”

“तू कुस्ती पायली ना?” ते म्हणाले. “सैतान वस्ताद हाये. त्याच्याशी कुस्ती खेयाची नसते, सायकल वयवाची असते.”

जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा त्यांचा रिवाज होता आणि प्रार्थना लांबलचक. देवाला सगळ्या गावाची खुशाली सांगून होईतो समोरची ज्वारीची भाकरी एका बकरीनं दोनदा खाल्ली. तिसऱ्या वेळी मास्तरांनी डोळे मिटूनच एक हात भाकरीवर ठेवला. “विश्वास देवावर हाये,” ते म्हणाले, “बकरीवर नाही.”

एका वर्षी भर दुपारी ग्रहण लागलं. गाव दारं लावून, पाण्यात दर्भ टाकून घरात बसलेलं. अंधारून आलं तसे मास्तर टपरीतून उठले, सूर्य अवेळी मावळायला लागला असं समजून सायकलवर बसले आणि दारोदार हाका मारत सुटले, “उघडा बाप्पा, राग संपवाचा हाये!” ग्रहणात कोण दार उघडतो? शेवटी बंद दारांचीच त्यांनी माफी मागितली, प्रत्येक उंबऱ्यावर एक पेरू ठेवला आणि घामाघूम होऊन परत आले, तर वर सूर्य लखलखीत. “ग्रहण आहे हे ठाऊक नव्हतं का?” मी विचारलं. “होतं,” मास्तर म्हणाले, “पण तो परत येईन याची मले कोणी चिठ्ठी देल्ली होती?”

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तीत गाढव मी आहे.

मला थोडं वाढवून सांगायची सवय आहे. तुमच्या अजून ध्यानात आलं नसेल. तर एकदा चहाच्या हॉटेलात मी म्हणालो की माझे सासरे भैंशाला, त्यांच्या गावी, दुपारी झोपले की त्यांच्या घोरण्यानं शेजारच्या जिनिंगचा पट्टा तुटतो आणि कापसाचे व्यापारी त्यांना दुपारी जागं राहायची विनंती करायला येतात. हॉटेल हसलं. चार दिवसांत ही गोष्ट भैंशाला पोचली, आणि मी जेवढी पाठवली होती त्याहून बरीच मोठी होऊन पोचली. सासऱ्यांनी रुसून निरोप धाडला. माझी बायको वनमाला मला म्हणाली, “माह्या बापाची तुमी बाजारात थट्टा केली. माफी मांगा.” मी म्हणालो, “थट्टेची कुठं माफी असते?” दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती माहेरी गेली.

गेली तर गेली. येईल आपली आपण. मी हटून बसलो. लग्नाला वर्ष झालं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. तेराव्या दिवशी दुपारी दुकानात सहा गिऱ्हाइकं उभी असताना मास्तर टपरीतूनच म्हणाले, “विनायक, बारा सूर्य मावयले तुझे. तू भैंशाले काऊन जाऊन नाही राह्यला?”

गिऱ्हाइकं वळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणालो, “मास्तर, तुमच्या घरात दिवा लावाले माणूस नाही, अन् तुमी लोकायच्या घरचे न्याय कराले बसले!”

कट्ट करून लवंग फुटल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

“गाढव हायेस तू!” मास्तर उठून ओरडले. “गाढवाचे कान तरी मोठे असतात, त्याले ऐकू येते!” आणि टपरीचं दार आपटून आत बसले.

झालं. संध्याकाळी हे येणार, पेरू देणार, हात जोडणार आणि मी घेतला की प्रकरण मिटलं. पण त्या दिवशी माझ्यात सैतान शिरला होता. मी ठरवलं, घ्यायचाच नाही. एवढ्या वर्षांचा यांचा नेम आज मोडायचा. बघू मग कोण कोणाला शिकवतं.

साडेपाचला ते आले. “विनायक, माफ कर बाप्पा. चारचौघात बोललो, चुकलो.” हातात त्या सालचा सगळ्यात मोठा पेरू.

“नाही,” मी म्हणालो.

“घे रे.”

“नाही म्हणजे नाही. आज नाही.”

मास्तरांनी पश्चिमेकडे बघितलं. सूर्य पऱ्हाटीच्या शेंड्यांना टेकायला आला होता. त्यांचा चेहरा असा झाला की दोन मिनिटं तिथं थांबलो तर मी विरघळलो असतो. म्हणून मी पळालो. दुकान उघडं टाकून पळालो. मागून मास्तर सायकलवर, मास्तरांच्या मागं कौसाबाई, कौसाबाईंच्या मागं निम्मा बाजार. पुढं रस्ता संपला आणि पाण्याची नवी टाकी आली. मी लोखंडी शिडीला हात घातला आणि वर चढलो. म्हटलं, मास्तर उंचीला भितात. टपरीचं छप्पर शाकारायलासुद्धा माणूस लावतात. इथं नाही येणार.

वर पोचून खाली बघितलं तर मास्तर शिडीवर. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलताहेत, पेरू सदऱ्यात. एकेका पायरीला एकेक प्रार्थना. खालून कौसाबाई ओरडत होत्या, “उतरा हो मास्तर, पडसान! अबे विनायक, मुडद्या, घे ना तो पेरू!”

मास्तर वर आले, टाकीला पाठ लावून बसले, धापा टाकल्या आणि मग हळूच एक डोळा उघडून पश्चिमेकडे बघितलं. आणि हसले.

“लय मोठं काम केलं पोरा तू वर चढून. खाली तर मावयला. इथून अजून दोन बोटं बाकी हाये.”

मला हसू येत होतं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं.

“तू दुपारी बोलला ते खरं हाये,” मास्तर म्हणाले. “दिवा लावाले माणूस नाही. रूथ होती, माही बायको. माह्याच घरचं घड्याळ बंद होतं सहा महिन्यांपासून. लोकायचे दुरुस्त करता, आपलं कधी कराल, म्हणे. सकायी सकायी म्हणाली. म्या तिच्यावर ओरडलो अन् पेटी घेऊन नेरडीगोंड्याच्या बाजाराले गेलो. म्हटलं, सांजच्याला जाऊन समजूत काढू. तिच्यासाठी पेरू घेतले बाजारातून, तवा अंगणात झाड नव्हतं.”

खाली लोक माना वर करून उभे होते. वर काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

“वापस येताना बस बंद पडली. रस्त्यातच मावयला. घरी आलो त अंगणात माणसं उभी होती. दुपारीच गेली म्हणे, छातीत दुखून.” त्यांनी भिंगाचा डोळा पुसला. “ती रागात गेली का हसत गेली, मले मालूम नाही, विनायक. कोणाले मालूम नाही.”

सूर्याची आता नखाएवढी कोर उरली होती.

“तुझी त भैंशाले हाये,” मास्तर म्हणाले. “तिथं बस जाते.”

मी पेरू घेतला. घेतला आणि त्यांच्या देखत मोठा चावा मारला, म्हणजे व्यवहार पक्का. मास्तरांनी पश्चिमेकडे बघितलं. कोर गेली.

“झालं?” मी विचारलं.

“बसलं बरोब्बर,” मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांनी खाली बघितलं. मग त्यांना उतरवायला मोटेचे दोन दोर, चार माणसं आणि एक बाज लागली. पाळण्यात घातल्यासारखे ते खाली आले, वाटेत प्रत्येकाला “हळू बे!” म्हणून शिव्या देत. सूर्य मावळल्यानंतरच्या शिव्या दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात, असं त्यांनी जमिनीवर पाय टेकताच जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं निघालो, आदिलाबादला बस बदलली आणि भैंशाला सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले, “जावईबापू, ते पट्ट्याचं पुन्हा सांगा बरं, माह्या भावाले ऐकवाचं हाये.” दुपारी ते झोपले. जिनिंगचा पट्टा तुटला नाही, हे मी इथं प्रामाणिकपणे नोंदवतो. पण भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. वनमाला तोंडाला पदर लावून हसली आणि संध्याकाळच्या आत आम्ही बसमध्ये होतो.

गोष्ट खरं तर इथं संपायला हवी. पण पुढं चैत्र आला. झाडावर पेरू तर सोडाच, धड पानं राहिली नाहीत. आणि एका दुपारी चारला कौसाबाई पदर खोचून टपरीशी आल्या. “काऊन हो मास्तर, तुमच्या सायकलीची घंटी वाजली अन् माही शेळी दचकली!” जुंपली. मास्तर लालबुंद. कौसाबाई भांडून झाल्यावर माझ्या दुकानात मीठ घ्यायला आल्या, तेव्हा मी हळूच विचारलं, “कौसाबाई, आता तर झाडाले पेरू नाही. आता काऊन भांडता?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू घड्याळात तेल ओतणारा मीच.

“येडा हायेस का बे?” त्या म्हणाल्या. “मंग तो मास्तर सांजच्याला कोणाच्या घरी जाईन?”

मिठाचं माप तसंच हातात धरून मी दुकानाच्या दारात आलो. कौसाबाई गेल्या. शेजारी टपरीत मास्तर भिंग लावून कुठल्यातरी घड्याळात फुंकर मारत होते. उन्हं अजून बरीच होती.

“मास्तर!” मी जोरात ओरडलो. “ती तुमची सायकल माह्या दुकानासमोर काऊन लावली? गिऱ्हाईक कुठून येईन, टाकीवरून?”

“तुझ्या बापाचा रस्ता हाये का बे?” आतून तोफ आली.

मागच्या खोलीतून वनमालाचा आवाज आला, “काय झालं हो?”

“काही नाही,” मी म्हणालो. “सांजच्याला चहा एक कप जास्त टाक.”