मास्तरांचा ब्रेक

ड्रायव्हिंग मास्तरांनी जेवता जेवता पुन्हा ब्रेक दाबला. टेबलाखाली बायकोचा पाय होता.

"अहो! आता पुरे झालं हं. उद्या त्या समुपदेशक बाईंकडे जायचं म्हणजे जायचं!"

शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. एका आजोबांनी शिकता शिकता भलतंच पेडल दाबलं, मास्तरांचा ब्रेक क्षणभर उशिरा लागला आणि गाडी शिंप्याच्या दुकानाची काच फोडून आत शिरली. खरचटलं कुणालाच नाही, पण मास्तरांनी गाडीचा धसकाच घेतला. पाय मात्र घरभर ब्रेक शोधत राहिला. महिनाअखेरपर्यंत मास्तर गाडीत बसले नाहीत, तर वर्ग मेहुणा चालवणार होता. मेहुण्याला गिअरही धड टाकता येत नसे. मास्तरांनी दात-ओठ खाऊन ठरवलं, बसणार म्हणजे बसणार.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटं उभी धरली. "तो प्रसंग आठवा. मान स्थिर, नजर फक्त माझ्या बोटांवर." बोटं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरली आणि थांबली. "आता मनात काय येतंय?"

"काच येतेय!" मास्तरांनी जीव खाऊन पाय दाबला. तो नेमका बाईंच्या चाकं लावलेल्या खुर्चीवर पडला. बाई खुर्चीसकट कपाटावर जाऊन आदळल्या.

बाईही हट्टी. पुढच्या खेपेपासून त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली. मास्तर दर वेळी अपघात रंगवून सांगत गेले आणि हळूहळू पाय शांत झाला.

ठरल्याप्रमाणे मास्तर गाडीत बसले. शिकायला पहिल्याच आल्या त्या समुपदेशक बाई.

"यायचं कधीचं मनात होतं हो. पण तुमचा अपघात इतक्यांदा ऐकलाय, की चावी उचलते आणि परत ठेवून देते."

"शिकणार म्हणजे शिकणार!" मास्तर म्हणाले. "करा सुरू."

गाडी छान निघाली. शिंप्याच्या कोपऱ्याआधी मास्तरांनी दोन बोटं डावीकडे दाखवली. "त्या झाडाच्या पलीकडे वळायचंय." बोटं दिसली की नजर त्यांच्यामागे गेली पाहिजे, हे बाई वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आल्या होत्या. त्यांची नजर बोटांमागे गेली, नजरेमागे हात गेले आणि झाडाआधीच गाडी वळली. समोर शिंप्याची कोरी करकरीत काच! शिंपी शिलाई मशीनला मिठी मारून उभा राहिला.

गाडी काचेपासून वीतभर अंतरावर थांबली.

बाईंना दरदरून घाम फुटला होता. काहीतरी बोलायचं म्हणून सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "आता... मनात काय येतंय?"

मास्तर ब्रेकवर रोवलेल्या आपल्या पायाकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"लागला," ते म्हणाले. "बाई, वेळेवर लागला!"