मायाक्काचा बोकड आणि माझी मॅट्रिक

यंदा मॅट्रिक पास होणार म्हणजे होणारच, अशी मी भिंतीवर मूठ आपटून शपथ घेतली होती. दोनदा नापास झालो होतो, पण ते गणितात! तिसऱ्या खेपेला गणिताचीच मानगूट धरायची ठरवली. मोठ्या कागदावर वेळापत्रक लिहिलं. पहाटे मिलच्या पहिल्या भोंग्याला उठून भूमिती, आंघोळ झाली की बीजगणित, दुपारी इंग्रजी, संध्याकाळी इतिहास. मराठीला एकही तास दिला नाही. मराठी काय वाचायची? ती तर मला पाळण्यापासून येते! शेजारच्या मागवाल्याकडून सुताला लावायची खळ आणली आणि वेळापत्रक भिंतीला डकवून टाकलं.

एवढा आटापिटा कशाला, तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटचं बजावलं होतं, "बाळासो, ह्यो तिसरा डाव. पास झालास तर पुण्याच्या कालेजात जा, वकील हो. न्हाय झालास तर घोंगडं खांद्यावर टाकायचं आनि मेंढरामागं यायचं."

सांगोल्याकडच्या आमच्या धनगरवाड्यात सातवीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. सोलापुरात नवी पेठेच्या मागं गोजरबाईंच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. मला वकील व्हायचं होतं. मेंढरांचा वाससुद्धा नको होता!

वेळापत्रक वाळतं न वाळतं तोच दारात आबा. हातात दोर, दोराच्या टोकाला काळाभोर बोकड, कपाळाला भंडाऱ्याची हळद फासलेली.

"आबा, ह्ये काय?"

"तुज्या आयनं मायाक्काला नवस बोललाय. तू पास झालास की ह्यो देवीला कापायचा."

"मग गावाकडं ठिवा की!"

"तसं न्हाय चालत. ज्याच्यासाटी नवस, त्याच्याच दारात ऱ्हायला पायजे. आनि ध्यानात ठेव, देवीचा हाय. बांधायचा न्हाय, मारायचा न्हाय, अडवायचा न्हाय!"

एवढं बोलून, दोर सोडून घेऊन आबा निघूनसुद्धा गेले.

आता मला सांगा, हा कुठला न्याय? मी पास झालो की बोकडाची मान जाणार. म्हणजे मी नापास व्हावं यात अख्ख्या जगात एकाच जिवाचा फायदा होता, आणि आईनं नेमका तोच माझ्या खोलीत आणून सोडला होता!

त्यानं पहिल्याच दिवशी वेळापत्रक खाल्लं. खळीचा मोह झाला असेल, म्हणून मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी पाणी भरून येतो तर महाराज भूमितीच्या पुस्तकावर! पहिल्या प्रमेयापासून ओळीनं खात एकविसाव्यापर्यंत पोचले होते. मला सहा महिन्यांत अकराव्याच्या पुढं जाता आलं नव्हतं! माझं डोकं सणकलं. पायातली वहाण काढली आणि त्याच्या पाठीत एक ठेवून दिली.

नेमक्या दारात गोजरबाई!

"अगं बया! देवीच्या बोकडाला पायतान मारलं की गं ह्यानं! मुडद्या, माज्या घराचं वाटोळं करतोस व्हय?"

"त्यानं माझी भूमिती खाल्ली!"

"मग खाऊ दे की! देवीनंच घेतली म्हनायची. लई बरं झालं, आता तुला भूमितीचं भ्या न्हाय!"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. मायाक्कानं बोकडाच्या तोंडून भूमिती स्वीकारली!

दुसऱ्या दिवशी भोंग्याबरोबर उठून दार उघडतो तर बाहेर रांग! मॅट्रिकला बसलेली पोरं आणि त्यांच्या आया. हातात चारा, हळदकुंकू आणि पुस्तकं. माझ्याच वर्गातला सिद्धाराम, ज्याला त्रिकोणाच्या बाजू मोजायलासुद्धा बोटं लागतात, तो बोकडापुढं साष्टांग आडवा! त्याच्या आईनं, केराबाईंनी, त्याच्या बीजगणितातलं एक पान फाडून बोकडाच्या तोंडात दिलं.

"खा रं देवा. ह्येच लई अवघड हाय बग त्याला."

"अहो, मला अभ्यास करायचाय!" मी किंचाळलो.

"मग कर की," केराबाई म्हणाल्या, "आमी कुटं धरलंय तुला? जरा सरकून बस, देवाला वारा लागू दे!"

मग मीही इरेला पेटलो. नवी पेठेतून जुनी भूमिती आणली, पोटाशी धरून बोकडासमोरच बसलो आणि चरफडत एकेक प्रमेय घोकलं. 'सिद्ध करणे आहे' असं म्हटलं की तो रवंथ करत माझ्याकडं बघायचा. थांब लेका, तुझी मान गेलेली सिद्ध करून दाखवतो! तीन आठवड्यांत सगळी प्रमेयं तोंडपाठ झाली. रागात माणसाची बुद्धी बरी चालते.

भूमितीच्या पेपरच्या सकाळी गोजरबाई दारात आडव्या उभ्या. बोकड पुढं गेल्याशिवाय मी जायचं नाही! हलगीवाला आला, भंडारा उधळला आणि नवी पेठेतून आमची मिरवणूक निघाली. मानाचा बोकड, त्याला अडवायचं नाही! तो भाजीच्या प्रत्येक पाटीपाशी थांबला. मागं मीही थांबलो, हातात दौत घेऊन. पोचलो तेव्हा घंटा होऊन वीस मिनिटं झाली होती आणि मी नखशिखांत पिवळा झालो होतो.

"ही परीक्षा आहे की जत्रा?" सुपरवायझर कडाडले.

"साहेब, मला नका विचारू, त्या बोकडाला विचारा!"

"बसा! आणि उत्तरपत्रिकेवर हळद सांडली तर याद राखा!"

बसलो. दातओठ खात एकूण एक प्रश्न सोडवला.

जूनमध्ये निकाल लागला. वर्तमानपत्रात सिद्धारामचा नंबर होता. माझा नव्हता! वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. नव्हताच! केराबाई पेढे घेऊन आल्या. पहिला पेढा बोकडाला, दुसराही बोकडालाच!

पंधरा दिवसांनी गुणांचा कागद आला, तेव्हा आबा आणि आई गावाहून येऊन बसले होते. कागद उघडायच्या आधीच मी भडकलो.

"ह्या बोकडानं माजं वाटोळं केलं! भूमिती खाल्ली, अभ्यासाचा वेळ खाल्ला, माजं पुणं खाल्लं ह्यानं! आई, तू आनि तुजा नवस!"

आईनं डोळ्यांना पदर लावला.

"वरडू नगंस," आबा म्हणाले. "कागद वाच."

मी तावातावानं वाचायला लागलो. भूमिती, शंभरात एक्क्याऐंशी! बीजगणित, पास. इंग्रजी, पास. इतिहास, पास. मराठी...

"काय झालं? वाच की."

"मराठी सव्वीस," मी म्हणालो. "नापास."

आबा उठून उभे राहिले. "मराठीत? आरं, मी अंगठा उठवनारा मानूस, पन मराठीत मला आजवर कुनी नापास केलं न्हाय!"

एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. आईनं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी जिथं मी वहाण मारली होती तिथंच.

मी रागारागानं सामान बांधायला घेतलं. सगळ्यात खालच्या फळीवर, बोकडाच्या अगदी तोंडाशी, मराठीचं पुस्तक पडलं होतं. कोरं करकरीत! छापखान्यातून येताना पानं जुळलेली असतात, तीसुद्धा अजून कापलेली नव्हती. चार महिन्यांत त्या पुस्तकाला बोकडानं तोंड लावलं नव्हतं.

आता खोटं कशाला बोलू, मीही लावलं नव्हतं.