आंबवडे, सात मिनिटे

शेट्यांच्या घरी पाणी प्यायचे असले, तरी आधी लाइन क्लिअर घ्यावी लागते. स्वयंपाकघराच्या चौकटीला त्यांनी वीतभर लांबीचा, लाल रंगाचा लाकडी सिग्नल बसवला आहे. फरशी ओली असली की त्यांच्या सूनबाई तो आडवा ठेवतात. तो खाली पडेपर्यंत घरातले कोणीही, खुद्द शेटेही, उंबरठा ओलांडत नाहीत. एकदा भोरच्या बाजारपेठेतले एक प्रतिष्ठित गृहस्थ सिग्नल न पाहता आत शिरले आणि घसरले. शेट्यांनी त्यांना उठवले, पाठ चोळून दिली आणि मग शांतपणे विचारले, “सिग्नल आडवा असताना आपण आलात कसे?”

शेटे रेल्वेत स्टेशनमास्तर होते. उभी नोकरी त्यांनी दूरदूरच्या, दोन दिव्यांच्या स्टेशनांत काढली आणि निवृत्त होऊन रेल्वे नसलेल्या आपल्या भोरला परत आले. गावात रेल्वे नाही ही गोष्ट त्यांनी फार मनाला लावून न घेता गोठ्यापुरती दुरुस्त केली. म्हशी विकल्यावर रिकाम्या झालेल्या पत्र्याच्या गोठ्यात, तीन भिंतींच्या कडेने, कमरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर आज किकवी–भोर–आंबवडे–पाली–वेल्हे हा खेळण्यातल्या रेल्वेचा एकेरी मार्ग धावतो. भूगोलाकडून त्यांनी थोडी सवलत घेतली आहे. पण राजगड प्लास्टरचा असूनही ओळखू येतो. त्याच्या माथ्यावरचे ढग धोंडिबाच्या मेंढ्यांच्या लोकरीचे आहेत.

हा धोंडिबा पालीच्या वरच्या एका वस्तीवरचा धनगर. दर रविवारी तो एसटीने खाली उतरतो आणि दोन ते पाच वेल्हे स्टेशन सांभाळतो. किकवी सांभाळते रंजना, जी एरवी एसटीत कंडक्टर आहे. आंबवडे माझ्याकडे. प्रत्येकाला एक स्टूल, एक हिरवा झेंडा आणि एक जुना टेलिफोन. शेटे मध्यभागी, भोरला, कंट्रोलरच्या खुर्चीत बसतात, कारण कोणती गाडी कुठे थांबवायची आणि कोणती आधी सोडायची हे तिथून ठरते. शेडमध्ये गाड्यांच्या कामात नावे चालत नाहीत. फोन वाजला की, “आंबवडे, भोर बोलतोय. आपली तब्येत?” मी त्यांच्यापासून आठ हातांवर असतो. तब्येत त्यांना दिसत असते.

मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. हे सांगण्याचे कारण एवढेच की त्या खुर्चीविषयी माझ्या मनात काही होते. मी तसे कधी बोलून दाखवले नाही. मला काही मागता येत नाही. माझी अशी समजूत होती की योग्य वस्तू योग्य माणसाकडे उत्तराप्रमाणे आपोआप येते. तोपर्यंत मी आंबवडे हा दिवसातून एकच गाडी थांबणारा थांबा सांभाळत होतो. चार दहाची पॅसेंजर येई आणि वेळापत्रकानुसार पूर्ण सात मिनिटे उभी राही. भोर जंक्शन असून तिथे तीन मिनिटे, आणि आंबवड्याला सात. या सात मिनिटांना कोणतेही कारण नव्हते. माझ्या मते ती मला बसवून ठेवण्यासाठी होती.

धोंडिबा मात्र त्या शेडचा लाडका. तो आयुष्यात खऱ्या रेल्वेत बसलेला नाही. पण कळपातले कोणते मेंढरू मागे राहिले हे जसे त्याला मान न वळवता कळते, तशी प्रत्येक गाडी कुठे आहे हे कळते. मी कागदावर आलेख काढून दोन गाड्यांची गाठ कुठे पडेल ते शोधेपर्यंत तो विडी कानावर ठेवून म्हणे, “पालीला गाठ पडंल. मालगाडी दाबून धरा.” गाठ पालीलाच पडे. शेटे मान डोलावत. ती मान माझ्यासाठी कधी डोलल्याचे मला आठवत नाही.

त्या रविवारी चार दहाची पॅसेंजर माझ्यापुढे उभी होती. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक दोन स्टेशनांमध्ये एक गोळा असतो. तो ज्या गाडीजवळ, तिलाच पुढे जायची परवानगी. आमचे गोळे म्हणजे बोराएवढे पोलादी छर्रे. आंबवडे–पालीचा गोळा मी देण्यासाठी हातात घेतला होता, इतक्यात शेट्यांनी एकदम सगळे फोन वाजवले. मंगळवारी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. एक डोळा आधीच अधू, त्यामुळे यापुढे कंट्रोल त्यांना जमणार नव्हता. मी पाठ ताठ केली.

“पुढच्या रविवारपासून कंट्रोलला धोंडिबा.”

“म्या?” धोंडिबा म्हणाला. “आन् गुर्जी?”

“गुरुजी आंबवड्यालाच.”

रंजना टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, त्यासाठी हात मोकळे हवे होते, म्हणून गोळा खिशात टाकला. मग डोके दुखत असल्याचे सांगून घरी आलो. गोळा विसरून आला, असे मी त्या संध्याकाळी स्वतःलाही पटवले. परंतु रात्री सदरा बदलताना मी तो काढून दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि विसरलेली वस्तू कोणी अशी हलवत नाही.

सोमवारी सकाळी फोन आला. “आंबवडे, भोर बोलतोय. आपल्याकडे पॅसेंजर उभी आहे. गोळा मिळत नाही.”

मी म्हणालो, पाहतो.

रविवारी धोंडिबा परीटघडीचा सदरा आणि नवा फेटा घालून आला. खुर्चीवर बसण्याआधी त्याने तिला हात लावून कपाळाला लावला. आणि मग काहीच झाले नाही. पॅसेंजर आंबवड्याला अडलेली, तिच्यामागे किकवीहून येणाऱ्या गाड्या, पलीकडे पालीला मालगाडी. अर्ध्या तासाने नवा कंट्रोलर फेटा काढून फळ्यांखाली रांगत गोळा शोधू लागला. त्याला वॅगनची दोन चाके आणि एक मातीचे करडू सापडले. मीही त्याच्या शेजारी रांगत होतो. गोळा माझ्या छातीवर टोचत होता. धोंडिबाच्या परीटघडीच्या सदऱ्याच्या कोपरांना माती लागलेली पाहून मला समाधान वाटले, हे मी कबूल करतो. ते फार टिकले नाही, हेही खरे.

“सायकलवाल्याकडं असले ढीगभर छर्रे पडल्यात,” रंजना म्हणाली. “आमच्या गाडीत तिकिटाचं मशीन बंद पडलं तरी आमी एष्टी सोडतोच की.”

काळा चष्मा लावलेले शेटे दाराशी बसून होते. “दुसरा गोळा मिळेल हो. पहिला कुणाच्या हातात आहे ते ठाऊक नसताना गाडी सोडायची नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले की नाही, हे चष्म्यामुळे समजले नाही.

गुरुवारी चारच्या सुमारास मी गोळा घेऊन गेलो. तो फळीखाली हळूच टाकायचा आणि सापडल्याचा आनंद करायचा, असे ठरवले होते. पण शेडमध्ये शेटे माझ्या स्टुलावर बसले होते. काळा चष्मा लावलेला चेहरा त्यांनी त्या थांबलेल्या गाडीच्या अगदी जवळ नेला होता. फलाटावर बोटाच्या पेराएवढी एक लाकडी बाई होती, हिरवे लुगडे, दोन्ही हातांत पिशव्या. मी तिला वर्षभर पाहत होतो आणि कधी पाहिली नव्हती.

“हिचं माहेर आंबवडे,” शेटे म्हणाले. नमस्कार वगैरे झाला नाही. “मी कुठे कुठे असायचो. ही एकटी यायची. एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा रेल्वे. पिशव्यांत माझ्यासाठी तांदूळ, कुरडया. गुडघे दुखायचे तिचे. मी दुसऱ्यांच्या गाड्यांना झेंडे दाखवत राहिलो. हिला आणायला म्हणून एकदाही गेलो नाही. रजा नसायची.” त्यांनी गाडीच्या दाराला बोट लावले. “माझ्या स्टेशनवरसुद्धा गाडी एकच मिनिट थांबायची. उतरताना तिची धांदल व्हायची, आणि मी ठरल्या वेळेला झेंडा हलवायचो.”

मी त्या बाईच्या हातांतल्या पिशव्या पाहिल्या.

“सात मिनिटं पुरतात,” ते म्हणाले. “कंट्रोलला हुशार माणूस लागतो. आंबवड्याला घाई न करणारा लागतो. दुसरं कुणी बसलं असतं, तर पाच मिनिटांत हलवली असती. तुम्ही एकदाही हलवली नाहीत.”

त्यांनी तळहात पुढे केला. मी खिशातून गोळा काढून त्यावर ठेवला. कुठे होता, हे त्यांनी विचारले नाही. बोटांनी तो चाचपला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला.

“रविवारी तुम्ही सोडा. हा तुमचा गोळा.”

रविवारी सगळ्या गाड्या सुरळीत धावल्या. फेट्याशिवाय बसलेला धोंडिबा उत्तम कंट्रोलर आहे, हे मला नाइलाजाने लिहावे लागते. शेटे डोळे मिटून दाराशी बसले होते आणि रुळांचा आवाज ऐकत होते. चार दहाची पॅसेंजर चार दहालाच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चार मिनिटे झाली तेव्हा फोन वाजला. पालीला मालगाडी खोळंबली होती, आणि मी मनातल्या मनात म्हणालो, आता हा मला गाडी लवकर सोडायला सांगणार. मी स्टेशनमास्तरला शोभेल अशा आवाजात त्याला आधीच बजावले की अजून तीन मिनिटे बाकी आहेत.

“ठावं हाय गुर्जी,” धोंडिबा हळू आवाजात म्हणाला, शेट्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू. “त्येच सांगाय फोन केला. मालगाडी ऱ्हाऊ द्या हुबी. वैनीस्नी निवांत चढू द्या.”

म्हणजे त्याला माझ्याआधी ठाऊक होते. मला पुन्हा एकदा त्याचा हेवा वाटला. मग मी झेंडा गुडघ्यावर ठेवला आणि उरलेली तीन मिनिटे पूर्ण होण्याची वाट पाहत बसलो.