दस्तगीरचं सरकारमान्य भांडण

दस्तगीर बापूलाल नदाफ याला गोरखशी भर बाजारात भांडायचं होतं आणि भांडायला कारण सापडत नव्हतं. लोणावळ्यात भांडणाच्या कारणांची टंचाई कधी पडलेली नाही. पण ज्याच्यावर आपला जीव जडला आहे, त्याच्यावर चारचौघांत ओरडावं तरी कशावरून, हे दस्तगीरला दोन दिवस कापूस पिंजत बसूनही सुचेना.

दस्तगीर पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा बापाचा धंदा. गोरख इंदुरीचा, रेल्वेत गँगमन. तो प्रथम दुकानात आला तो उशी भरून घ्यायला. पुढच्या आठवड्यात ‘मऊ पडली’ म्हणून तीच उशी घेऊन आला. मग पुन्हा आला. शेवटी त्या उशीत एवढा कापूस बसला, की ती डोक्याखाली घेण्याऐवजी रुळाखाली घातली असती तरी गाडी निघून गेली असती. तेव्हा दस्तगीर म्हणाला, “गोरख, उशी राहू दे. तू नुसताच येत जा.” तेव्हापासून तो नुसताच येत होता. त्याला चार वर्षं झाली होती.

दस्तगीरचे अब्बा पाच वेळा नमाज पढणारे, जमातीत शब्दाला वजन असलेले. तरणा मुलगा बिघडू नये म्हणून त्यांनी घरात असा बंदोबस्त ठेवला होता, की फौजदारानं येऊन शिकावा. बाईमाणूस गिऱ्हाईक आलं की दस्तगीरनं आत जायचं आणि अम्मानं पुढं यायचं. सिनेमाच्या जाहिरातीवर बाईचं चित्र दिसलं तर रस्ता बदलायचा. नदीकडे जायचं ते बायका धुणं आटोपून गेल्यावर. पहारा खरोखर कडक होता. फक्त त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं. गोरखला कामावरून उशीर झाला की अब्बाच म्हणत, “आता कुठं इंदुरीला जातोस? दस्तगीरच्या खोलीत पड.” आणि अम्मा एकच रजई धाडत असे. म्हणे, दोघांत पुरते.

असं सगळं सुखात चाललेलं असताना दस्तगीरला अक्कल सुचली.

झालं एवढंच, की अम्मा भाकरी वाढता वाढता म्हणाली, “गोरख आला की तू एक भाकरी जास्त खातोस रे.” दस्तगीरनं हातातली भाकरी परत ताटात ठेवली. संशय कोणालाच नव्हता; तो फेडायचा, असं त्यानं ठरवलं.

“आपण भांडू,” तो गोरखला म्हणाला.

“कशापायी?”

“लोकांनी बघावं म्हणून. दुष्मन आहेत म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही.”

“मला न्हाई जमायचं बाबा. तुज्याकडं बघितलं की हसू येतंय.”

“मग माझ्याकडं बघू नको. माझ्या मागच्या भिंतीकडं बघून शिव्या दे.”

बाजाराच्या दिवशी गोरखनं एक रजई काखेत मारून भिंतीकडं बघून शिव्या दिल्या. भिंत चिक्कीवाल्याची होती. तो बाहेर आला. त्याच्यामागून गिऱ्हाइकं आली.

“तुजी रजई म्हंजी निस्ता भुसा!” गोरख ओरडला.

“आणि तुझी उशी भरून भरून माझे हात झिजले!”

“मंग कोन म्हनलं हुतं भरत जा म्हनून?”

“तू आणत होतास म्हणून!”

इथं दोघांचाही आवाज भलताच हळवा झाला. ते सावरायला दस्तगीरनं घाईघाईनं गोरखच्या काखेतली रजई ओढली. ती टर्रकन फाटली आणि बाजारभर कापूस उडाला.

एक हिंदू, एक मुसलमान आणि एक फाटलेली रजई. एवढं भांडवल पुष्कळ झालं. बातमी दुपारच्या गाडीनं निघाली. मळवलीला रजई चाकूनं फाडली होती. वडगावला चाकू दोन झाले. तळेगावला रजईत माणूस होता आणि घोरावाडी येईतो तो बिचारा गेला. तिसऱ्या प्रहरी लोणावळ्यात दुकानांच्या फळ्या लागल्या, कारण लोणावळ्यात काय घडलं हे लोणावळ्याला घोरावाडीहून कळलं.

हा बासष्टचा सुमार. त्या वेळी वरच्या लोकांना एकात्मतेची फार निकड लागली होती. लगेच शांतता समिती नेमली गेली. अध्यक्ष गावचे पुढारी महिपती आबा. जमातीकडून सभासद खुद्द दस्तगीरचे अब्बा. दोघा आरोपींना पुढं बोलावलं.

“आबा, आमचं भांडण नाहीच,” दस्तगीर म्हणाला.

“असं कसं न्हाई? भांडान न्हाई तर समिती कशाला बसलीया?”

“मग उठवा समिती.”

“बसायचा हुकूम वरनं आलाय. उठायचा आल्याला न्हाई. तवा आदी गुमान वैर कबूल करा, मंग समेट करू.”

दोघांनी वैर कबूल केलं. गोरखला त्यातही हसू आलं; पण ते छद्मी समजलं गेल्यामुळे उलट वैराला बळकटीच आली. मग समितीनं सर्वानुमते असं ठरवलं, की उभय पक्षांनी यापुढे एका छपराखाली राहावं, एका ताटात जेवावं, आणि त्याची रोज सरकारी खात्री व्हावी. ज्या गोष्टीपासून लोकांचं लक्ष हटवायला दस्तगीरनं एवढा खटाटोप केला, ती आता पोलीस बंदोबस्तात करायची होती.

रोज दिवेलागणीला धोंडिबा शिपाई दस्तगीरच्या खोलीबाहेर उभा राही.

“दोगं हायसा का आत?”

“आहोत.”

“एकाच खोलीत?”

“व्हय, धोंडिबाभाऊ.”

“मंग आवाज कसला येतुया?”

“हसतोय.”

“हसा. पर शांततेत हसा.”

तालुक्यात नाव झालं. आसपासच्या गावांचे पुढारी जोडी बघायला येऊ लागले. अब्बा त्यांना खोली दाखवत आणि अभिमानानं सांगत, “हे बघा, एकच उशी.” दस्तगीर मान खाली घालून उभा राही. आपल्याइतका मूर्ख पिंजारी मावळात झाला नाही आणि आपल्याइतका सुखी तर त्याहून नाही, असं त्याला वाटे.

पण सरकारी काम यशस्वी झालं की ते वाढवावं लागतं. महिपती आबांनी पुढची टूम काढली. दोघांची लग्नं एकाच मांडवात. सकाळी निकाह, सांजच्याला गोरखच्या अक्षता, आणि जिल्ह्याचे मोठे साहेब हजर. अब्बांनी तळेगावहून मामाची मुलगी पक्की केली. गोरखच्या घरच्यांनी इंदुरीतलीच पाहिली.

त्या दिवशी धोंडिबाला बाहेर हसू ऐकू आलं नाही.

“मी कर्जतला बदली मागतो,” गोरख म्हणाला.

“आणि मी?”

“तू निका कर. नांद सुखानं. लय हौस हुती न्हवं भांडायची? भांडान खोटं झालं, फारकत खरी मिळाली बघ.”

 आयुष्यात एकदाच दस्तगीरनं डोकं चालवलं होतं, आणि त्यात घर गेलं.

लग्नाच्या तारखा जाहीर करायला मोठी सभा भरली. साहेबांनी दोघांना हार घातले. अब्बा पहिल्या रांगेत बसले होते. अम्मा बायकांत, चिकाच्या पडद्यामागं. दस्तगीरला दोन शब्द बोलायला सांगितलं. ‘आम्ही भावाभावांसारखे’ असं सुरू होणारं भाषण आबांनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. तो उभा राहिला. गोरख पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

“आम्ही भावाभावांसारखे नाही,” दस्तगीर म्हणाला. “नवरा-बायकोचा असतो तसा माझा जीव आहे गोरखवर. चार वर्षं झाली. तळेगावच्या पोरीचं मला वाटोळं करायचं नाही. मला हाच पाहिजे. दुसरं कोणी नको.”

सभा अशी गप्प झाली, की मांडवाचं कापड फडफडलेलं ऐकू आलं.

साहेब त्या वेळी आबांच्या कानाशी लागून पुण्याची गाडी किती वाजता आहे, ते विचारत होते. सभा गप्प झाली त्याअर्थी भाषण संपलं, हे त्यांना नोकरीच्या अनुभवानं कळलं. त्यांनी मान वर केली आणि टाळ्या वाजवल्या.

मग आबांनी वाजवल्या. मग समितीनं, मग सगळ्या सभेनं. ऐकलं सगळ्यांनी होतं. पण साहेबांनी टाळी वाजवलेली गोष्ट ऐकून संतापायचं म्हणजे साहेबांवर संतापण्यासारखं होतं. तेव्हा ज्यांनी ऐकलं, त्यांनी ते ऐकलं नाही. साहेब उठून म्हणाले, “शाब्बास! सर्वांनी यांचा कित्ता गिरवावा,” आणि गाडी गाठायला निघाले.

अब्बांचे हात बराच वेळ गुडघ्यांवर होते. शेवटी त्यांनी ते उचलले आणि एकदाच वाजवले. दुसऱ्या दिवशी तळेगावच्या मामाला त्यांनी एवढाच निरोप धाडला, की आमचा नाइलाज आहे, साहेबांची टाळी पडली. इंदुरीकरांनीही तोच दाखला देऊन मुलगी दुसरीकडे दिली. अब्बा गोरखशी पुढं कधी तोंड भरून बोलले नाहीत. मात्र धोंडिबा येऊन विचारू लागला की ओसरीवरून तेच उत्तर देत, “आहेत दोघं. शांतता आहे. जा तू.”

बदलीचा अर्ज गोरखनं लिहिलाच नाही. दस्तगीरनंही त्यानंतर कधी डोकं चालवलं नाही.

आता वाचणाऱ्या मंडळींनो, हे तुमच्याही कानी पडलं. साहेब केव्हाच गाडीत बसून गेले. टाळी वाजवायची की नाही, हे या खेपेला तुमचं तुम्हालाच ठरवावं लागणार.