बंद दाराबाहेरचे डॉक्टर

डॉक्टर राजोपाध्ये रोज संध्याकाळी स्वतःच्याच बंद दारासमोर उभे राहून आतल्या बायकोला फोन करत. एका हातात किल्ली, काखेत जेवणाचा डबा, आणि नाक दारापासून वीतभर लांब. "वसू, मी बोलतोय. पोचतोच आहे," असं सुरू होऊन दहा मिनिटं गुलुगुलू बोलणं चाले. मग फोन खिशात टाकून ते थोडा वेळ भिंतीला टेकून थांबत आणि मांजराच्या पावलांनी घरात शिरत. आमचं दार अगदी समोर, त्यामुळे हा सोहळा मी दाराच्या भिंगातून बघत असे. दुसऱ्यांच्या घरात डोकावू नये हे मलाही कळतं, पण आमच्या मजल्यावर तेव्हा बघण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

साल दोन हजार नऊ. आखातातल्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या मजल्यावर आठ घरं, त्यातली पाच रिकामी. मंदीत नोकरी गेलेले लोक सांगून जात नसत. परवा लिफ्टमध्ये "यल्ला, भेटू" म्हणालेला माणूस आज नाही, आणि त्याची गाडी मात्र खाली उभी, काचेवर बोटभर वाळू. एका रिकाम्या घरातला एसी आठवडाभर चालूच होता. त्या दारावरून जाताना फटीतून गार हवा पावलांना लागे. मी तशी भित्री नाही, पण तेवढ्या दहा पावलांत माझी अर्धी रामरक्षा होई.

डॉक्टर इथल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवत. मेंदूचे डॉक्टर तयार करणं हे त्यांचं काम आणि तेच व्यसन. त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये शिरलेला प्रत्येक माणूस तीन मजल्यांपुरता त्यांचा पेशंट. "तांबेवहिनी, मिस्टरांचा डावा बूट बाहेरून झिजतोय. पाठीचा एमआरआय काढा." काढला, तर मणका खरंच सरकलेला. "डायग्नोसिस दारातच होतं," ते म्हणत, "आत नुसतं कन्फर्मेशन."

माझी सानिका त्यांचीच विद्यार्थिनी. तिलाही न्यूरॉलॉजिस्टच व्हायचं होतं, त्यामुळे जेवताना ती ताटाऐवजी माझ्या तोंडाकडे बघे. "आई, स्माइल. बोथ साइड्स." आमटी नासली म्हणून मी हसले नाही, तर तिला पक्षाघाताची शंका.

शुक्रवारी डॉक्टर दोन-दोन विद्यार्थ्यांना घरी बोलवत. वीस मिनिटं वसुधावहिनींशी गप्पा मारायच्या, आजाराचं नाव काढायचं नाही, आणि बाहेर येऊन काय आढळलं ते सांगायचं. तेवढा वेळ डॉक्टर कॉरिडॉरमध्ये थांबत. वहिनी चहा करत, मुलांना तिसऱ्यांदा चिवडा वाढत. पोरं ढेकर देत बाहेर येत. "सर, आंटी इज परफेक्टली नॉर्मल."

"खलास. पुढच्या शुक्रवारी दुसरे दोघे."

असे चार-पाच शुक्रवार गेले. शेवटी मी त्यांना गाठलं. "डॉक्टर, पोरांना कशाला छळता? वहिनी तर खणखणीत आहेत."

त्यांनी रिकाम्या घरांच्या दारांकडे पाहिलं. "वहिनी, मला एकच कळायला हवंय. तिला भीती वाटते का. वाटत असेल तर मी तिला पुण्याला बहिणीकडे पोचवून येईन आणि इथे एकटा राहीन."

"भीती? कशाची?"

"ते मला विचारता येत नाही. ज्याला येईल तो न्यूरॉलॉजिस्ट होईल."

पुढच्या शुक्रवारी सानिकाची पाळी होती. तिचा जोडीदार तापाने झोपला, म्हणून मी गेले. डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं आणि स्वतः बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. सानिकानं शिकवल्याप्रमाणे आजाराचं नावही काढलं नाही. वहिनींनी चहा ओतला, दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"सुलभा, हा माणूस तुला कसा वाटतो?"

"कोण, वहिनी?"

"आत्ता बाहेर गेला तो. चेहरा अगदी आमच्या ह्यांचा. चष्मासुद्धा तोच. पण हे नव्हेत." त्यांनी साखरेचा डबा शांतपणे माझ्यापुढे सरकवला. "हे रोज फोन करतात, पोचतोच म्हणतात. आणि येतो हा."

दार एवढंसं दूर, आणि त्यापलीकडे उभा असलेला माणूस कोण, हे क्षणभर मलाही खात्रीनं सांगता आलं नसतं. सानिका मात्र जागची हलली नाही. एरवी मला इंग्रजीत उत्तरं देणारी माझी मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "काकू, तुम्हाला त्याची भीती वाटते?"

"आधी वाटायची. आता नाही गं." वहिनी हसल्या. "एवढे लोक बेपत्ता झाले ह्या बिल्डिंगमधून. हाही कुणाचा तरी नवरा असेल. नोकरी गेली असेल, जाणार कुठे बिचारा? म्हटलं, राहू दे. गरम पोळी वाढते, खाली मान घालून जेवतो. ह्यांना मात्र सांगू नका हं, उगाच मनाला लावून घेतील."

बाहेर डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. सानिकानं सगळं सांगितलं. आवाज ऐकला की माणूस आपला वाटतो, चेहरा दिसला की ओळख पटते पण आपलेपणा येत नाही, असं कायकाय. ते वर्गात ऐकावं तसं मान हलवत होते, पण माझ्या लक्षात आलं, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आणि भीती?" त्यांनी विचारलं.

"नाही वाटत, सर. त्या म्हणाल्या, कुणाचा तरी नवरा असेल, राहू दे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. एवढ्या हुशार माणसाला तो पुसायला रुमाल सापडेना. मी पदर पुढे केला.

"राहू दे म्हणाली? असंच म्हणाली?"

"हो, सर."

"बरं," ते म्हणाले. "मग राहतो."