वाघजाईला न बोललेला नवस

गोजराबाईंच्या नातवाच्या बारशात सुंदराबाईंनी पहिलीच बालुशाही नाकारली, तेव्हा पंगतीतल्या बायका जेवायच्या थांबून त्यांच्याकडे बघायला लागल्या.

गोजराबाई म्हणजे सुंदराबाईंची चुलत थोरली जाऊ. अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम, आणि आग्रहात त्यांचा हात धरणारं आसपासच्या पाच गावांत कुणी नव्हतं. ताटावर कुणी आडवा हात धरला तर त्या सरळ हातावरच वाढायच्या.

"घे गं. एकानं काय व्हतंय?"

"आक्का, डॉक्टरनं गोड बंद केलंय. गुडघं दुखत्यात, वजन उतरवायचंय."

"डॉक्टरला बोलायला काय जातंय? माजं गुडघं धा वर्सं दुखत्यात, मी सोडलं का?"

आता खरं सांगायचं तर डॉक्टरनं बंद करून आठ दिवस झाले होते आणि या आठ दिवसांत सुंदराबाईंचं पथ्य एकदाही सकाळचा चहा ओलांडून गेलं नव्हतं. वजन एक्क्याऐंशी, साखर अगदी काठावर. सकाळच्या चहात तीन चमचे, जेवणानंतर गुळाचा खडा, दुपारी झोपून उठल्यावर आणखी एक खडा. तो कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरचं एकवेळ आवरता आलं असतं. पण त्यांच्या सहा खोल्या हिंजवडीच्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, आणि त्या पोरांपैकी कुणाला ना कुणाला दर दोन दिवसांनी बढती मिळायची. पेढे आधी मालकीणबाईंना. शिवाय आपल्याकडे पाहुण्यानं पथ्य पाळलं की घरच्या बाईला तो आपल्या हाताचा अपमान वाटतो.

बालुशाही नाकापर्यंत आली. तुपाचा वास आला. आणखी एक क्षण गेला असता तर सुंदराबाईंनी तोंड उघडलं असतं. त्यांनी उघडलंही, पण त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"आक्का, मी गोड सोडलंय. वाघजाईला बोललेय."

गोजराबाईंचा हात जागच्या जागी थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातातली बालुशाही माघारी परातीत गेली.

"आगं मंग आदी सांगायचंस की. माज्या माथी पाप आलं असतं." मग त्या खाली वाकून म्हणाल्या, "कशापायी बोललीस?"

"सांगायचं नसतं, आक्का."

"नगं सांगूस. आमाला काय कळत न्हाई व्हय?" असं म्हणून त्यांनी पंगतीत पाणी वाढणाऱ्या मल्हारकडे पाहिलं. सगळ्या बायकांनीही मल्हारकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

मल्हार हा सुंदराबाईंचा एकुलता एक मुलगा. वय तेहेतीस, दोन एकर भातशेती, एक टेम्पो, खोल्यांचं सगळं तोच बघायचा. दिसायला चांगला, पिण्याखाण्याचं व्यसन नाही. पण मुलींना कंपनीत जाणारा नवरा हवा होता, आणि कंपनीतले नवरे मल्हारच्या खोल्यांत भाड्यानं राहत होते. चार वर्षांत एकोणीस घरचे पोहे खाऊन त्यानं गेल्या दिवाळीला जाहीर केलं होतं की आता विसावे पोहे खाणार नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मल्हारच्या आईनं पोराच्या लग्नासाठी गोड सोडलं.

घरी नाथाराव तेवढे बुचकळ्यात पडले. नाथाराव म्हणजे सुंदराबाईंचे यजमान. दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस.

"वाघजाईला कवा बोललीस? दोन वर्सांत डोंगर चढली न्हाईस तू."

"घरनंच बोलले."

"फोनवर?"

सुंदराबाईंनी भाकरी जरा जास्तच जोरात थापली, आणि नाथारावांची त्या दिवसाची वाक्यं संपली.

पहिले आठ दिवस मोठ्या सुखाचे गेले. कुठंही जा, बिनसाखरेचा चहा आपण होऊन पुढे यायचा आणि वर आदरही मिळायचा. मग हळूहळू लक्षात आलं की डॉक्टरच्या पथ्यातून पळवाटा असतात, देवाच्या पथ्यात गावच राखणीला बसतं. किराणावाल्यानं त्यांना साखर द्यायचं नाकारलं. "मल्हारला पाठवा, वहिनी. तुमच्या हातात नको." भाडेकरू पोरं पेढ्याचा पुडा घेऊन यायची आणि त्यांना बघून पाठीमागे लपवायची. सुंदराबाईंना स्वप्नात गुळाच्या ढेपा दिसायला लागल्या.

नवव्या दिवशी दुपारी त्या भाताच्या कणगीमागे गेल्या आणि गुळाचा एक खडा, सुपारीएवढा, तोंडात टाकला. डोळे मिटले. उघडले तर दारात मल्हार. खडा गालात सरकला.

"आई," तो म्हणाला, "बोलायचं व्हतं जरा. तू माज्यापायी एवढं करतीस आन् मी रुसून बसलोय. तू म्हणशील तितं येतो बघायला. विसावे पोहे बी खातो."

गूळ विरघळत होता आणि बोलायची सोय नव्हती. तेहेतीस वर्षांचा पोरगा खाली मान घालून उभा होता, आणि ज्यासाठी तो विसावे पोहे खायला तयार झाला होता ते घडलंच नव्हतं. सुंदराबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं आईला जवळ घेतलं. त्यांनी गूळ गिळला, पण तो काही गोड लागला नाही.

तीन महिन्यांनी ज्ञानदाचं स्थळ आलं. पौडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, बोलायला शांत, नजर मात्र एकदम सरळ. तिचे वडील शंभूराव घर बघायला आले तेच सुंदराबाईंची कीर्ती ऐकून. "लेकापायी गोड सोडणारी आई. अशा घरात पोरगी सुखात ऱ्हाईल," असं ते ओट्यावर चारचौघांत म्हणाले. मल्हारला मुलगी आवडली, आणि मुलीलाही मल्हार आवडलेला दिसत होता. आता फक्त होकाराचा फोन यायचा होता.

त्या दिवशी खोली नंबर चारमधल्या पोराला बढती मिळाली. पुडा ओट्यावर विसरला गेला, आणि सुंदराबाईंनी टेम्पोच्या आडोशाला उभं राहून एक पेढा खाल्ला. एकच. संध्याकाळी शंभूरावांचा फोन आला, "आठ-धा दिवस थांबा. पोरगी म्हणती, जरा इचार करू."

 मल्हार जेवला नाही, टेम्पो पुसत बसला. सुंदराबाई रात्रभर आढ्याकडे बघत राहिल्या. आपण देवीला काही बोललो नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण देवीला ते ठाऊक होतं का? गावात सगळे म्हणत होते, कदाचित तिनंही ऐकलं असेल. त्या दिवसापासून त्यांनी खरोखर साखरेचा कण जिभेवर ठेवला नाही. केळंसुद्धा बंद केलं. दहाव्या दिवशी होकाराचा फोन आला, तेव्हा तर त्या साखरेच्या डब्याकडे पाठ करून स्वयंपाक करायला लागल्या.

आणखी दोन महिन्यांत वजन सत्तरवर आलं आणि त्या मांडी घालून बसायला लागल्या. सुपारी फुटली, तारीख ठरली. सगळं सुरळीत पार पडलंही असतं. पण सुपारीच्या बैठकीत गोजराबाई उभ्या राहिल्या.

"वाघजाई पावली," त्या दोन्हीकडच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "सुंदरीनं नवस केला व्हता, तो फेडायचा. येत्या मंगळवारी देवळात हिची गूळतुला."

"गूळतुला मी बोलले नव्हते, आक्का."

"मंग काय बोलली व्हतीस?"

सुंदराबाई गप्प बसल्या. गप्प बसणं हाच होकार धरला गेला आणि गावच्या ग्रुपवर संध्याकाळी निमंत्रण पडलं.

मंगळवारी देवळापुढे भाताच्या गिरणीतला मोठा तराजू आडव्या वाशाला टांगला. एका पारड्यात माणसानं बसायचं, दुसऱ्यात त्याच्या भारोभार गूळ ठेवायचा, आणि तो गूळ मग प्रसाद म्हणून गावाला वाटायचा. नाथारावांनी दहा-दहा किलोच्या आठ ढेपा आणल्या होत्या. ज्ञानदाकडची तीस माणसं जीपा करून आली होती. मल्हार नव्या शर्टात पाहुण्यांना पाणी देत होता.

माऊली गुरवानं देवीला हळदकुंकू वाहिलं आणि तो सुंदराबाईंकडे वळला.

"बसा वहिनी. पर आदी देवीम्होरं सांगा, काय बोलला व्हता आन् कवा बोलला व्हता. हितं शब्दाला शब्द लागतो."

सुंदराबाईंनी देवीकडे पाहिलं. जावेशी खोटं बोलून झालं होतं, गावाशी झालं होतं, पोटच्या पोराशीही झालं होतं. खरं बोललं तर ठरलेलं लग्न मोडेल, हे त्यांना दिसत होतं. शंभूराव समोरच हात जोडून उभे होते. पण देवीच्या तोंडावर खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"मी काय बोललेच नव्हते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं गोड बंद केलं व्हतं. मला आक्कांची बालुशाही टाळायची व्हती."

तराजूची साखळी कुरकुरली.

"म्हंजी?" शंभूराव म्हणाले. "आमी तर चार गावांत सांगितलं की, पोरीच्या सासूनं लेकापायी गोड सोडलं म्हणून."

मल्हारनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आई, मंग कणगीपाशी रडलीस ते?"

"ते खरं व्हतं रं. तोंडात गूळ व्हता, पर रडले ते खरं."

शंभूराव चपला शोधायला लागले. त्यांच्यामागून त्यांची तीस माणसं शोधायला लागली. तेवढ्यात ज्ञानदा पुढे आली.

"बाबा, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक व्हतं?"

"रक्त बाहेरची ताई घेते, आत मशिनीवर मी असते. यांची चिठ्ठी माझ्याच हातात आली होती. साखर काठावर, गोड बंद. नवसाचं त्यात काही नव्हतं."

"आन् बोलली न्हाईस?"

"पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं, बाबा."

"मंग समदं ठाऊक असून हो म्हणालीस?"

"त्यासाठीच तर दहा दिवस थांबायला लावलं. यांनी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं होतं, तो दुसरा रिपोर्ट यायचा होता. तो आला, साखर उतरली होती." तिनं सुंदराबाईंकडे पाहिलं. "पन्नाशीच्या बाईला एकदा सांगितलं आणि तिनं ऐकलं. बाबा, सांगितलेलं ऐकणारी सासू कुठं मिळते?"

शंभूरावांनी तीस वर्षं आई आणि बायको यांच्या मधोमध काढली होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि पायात घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवली. मल्हारनं तांब्या उचलला आणि सर्वांत आधी ज्ञानदाला पाणी दिलं. सुंदराबाईंच्या छातीवरचा साडेपाच महिन्यांचा धोंडा उतरला. त्यांना एकाच वेळी हसूही येत होतं आणि रडूही.

"थांबा," गोजराबाई म्हणाल्या.

सगळे थांबले.

"हिचं निस्तरलं. माज्या मिसरीचं काय?"

"कसली मिसरी?" गुरवानं विचारलं.

"हिनं गोड सोडलं म्हणून मला ऱ्हावलं न्हाई. बारशाच्याच सांजंला डोंगर चढून हितं आले आन् देवीला बोलले, सुंदरीला यश दे, मल्हारचं जमंस्तवर मी तंबाखूची मिसरी दाताला लावणार न्हाई. साडेपाच म्हैनं लावली न्हाई मी. डोकं फुटायची पाळी आली. आन् ही म्हणती, बालुशाही टाळायची व्हती."

सुंदराबाई जावेच्या पाया पडायला वाकल्या. गुरव मात्र हिशेबी माणूस. त्यानं देवीकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं, मग गोजराबाईंकडे पाहिलं.

"म्हंजी नवस झालाय," तो म्हणाला. "देवीनं ऐकलाय बी. फकस्त तो सुंदरावहिनींचा न्हाई, तुमचा हाय. आन् गूळतुलेचं बी तुमीच बोलला व्हता, सुपारीच्या बैठकीत, समद्यांम्होरं. बसा."

"मी?"

"बसा."

देवीच्या दारात वाद घालता येत नाही. गोजराबाई पदर खोचून पारड्यात बसल्या आणि वासा करकरला. नाथारावांनी दुसऱ्या पारड्यात एकेक ढेप ठेवायला सुरुवात केली. पाच झाल्या, सहा झाल्या. आठवी ठेवली तरी गोजराबाईंचं पारडं जमिनीला चिकटून होतं. नाथारावांनी चुलीपाशी जाऊन देवळातल्या स्वयंपाकाचा गूळ आणला, तोही ठेवला. मग बाजूला जाऊन त्यांनी पौडच्या दुकानदाराला फोन लावला.

"अजून दोन ढेपा पाठव," ते म्हणाले. मग वळून पारड्याकडे पाहिलं. "तीन पाठव."

गाडी यायला अर्धा तास होता. माणसं पांगून सावलीला बसली. सुंदराबाई गुळाच्या पारड्यापाशी एकट्याच उभ्या होत्या. ढेपेच्या कडेचा एक खडा तुटून पडला होता, पिवळाधमक, सुपारीएवढा. आता नवस नव्हता, गाव राखणीला नव्हतं, सून पाहुण्यांत गुंतली होती, वजनही सत्तरवर होतं. त्यांनी तो हळूच उचलला आणि तोंडापाशी नेला.

"सुंदरे," पारड्यातून आवाज आला. "ठेव त्यो खडा माघारी. मी अजून भुईलाच हाय."