एक सर्व्हर, चार चुली

"साहेब, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. आख्ख्या नवीन जालन्यात माझ्याइतकं कॉम्प्युटरमधलं कळणारा दुसरा माणूस न्हाई!"

भारतने छाती फुगवून असं सांगितलं, तेव्हाच खरं तर सगळ्या ऑफिसने सावध व्हायला हवं होतं. भारत असं म्हणाला की काहीतरी बिघडतंच, हा सगळ्यांचा अनुभव होता. पण साहेबरावांनी मान डोलावली आणि पुढचं सगळं रामायण घडलं!

भारत मूळचा तीर्थपुरीचा. बियाण्यांच्या या कंपनीत वायर, माऊस, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत जे काही असेल ते त्याच्या गळ्यात. कंपनी चार भावांची. थोरले साहेबराव बियाणं बघत, अप्पाराव कापसाचं जिनिंग, रखमाजी खतं-औषधं आणि धाकटा शिवाजी ट्रक. फर्म एक, पाटी एक, पण एकाचा कारभार दुसऱ्याच्या नजरेला पडता कामा नये! म्हणून भारतने एकाच सर्व्हरवर डेटाबेसचे चार स्वतंत्र इन्स्टन्स चालू करून दिले होते. म्हणजे घर एक, चुली चार. ज्याची त्याची भाकरी ज्याच्या त्याच्या तव्यावर. सगळं सुखाने चाललं होतं.

आणि एक दिवस, ज्या कंपनीकडून तो डेटाबेस घेतला होता, तिचा ईमेल आला. लायसनची तपासणी करायला उद्या आमच्या मॅडम येत आहेत.

भारतला घाम फुटला. लायसन एक आणि इन्स्टन्स चार! नियम काय आहेत, हे लायसनमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. पण सॉफ्टवेअर टाकताना ते वाचायच्या भानगडीत न पडता त्याने 'मान्य आहे' हे बटण दाबून टाकलं होतं. तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय करतो?

"एका परमिटवर चार ट्रक पळवले तर आरटीओ सोडन का?" चारही भाऊ जमल्यावर शिवाजीने विचारलं.

"न्हाई सोडणार," भारत म्हणाला.

"मंग? हे बी तसंच!"

झालं, कायदा ठरला! साहेबरावांनी चष्म्यावरून बघितलं. "भारत, उद्या यात काही निघालं ना, तर तू आपला डबा उचलायचा आन् सरळ घर गाठायचं. समजलं का?"

भारतला समजलं. घरी प्रियदर्शनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळ्या माहेराला सांगून ठेवलं होतं की आमचे हे तिथं नसले तर कंपनी एक दिवस चालायची नाही. आता कंपनी चालली असती आणि हेच चालते झाले असते! त्या विचाराने त्याच्या डोक्यात एक जबरदस्त आयडिया आली. सर्व्हरवर एकट्या साहेबरावांची चूल ठेवायची आणि बाकीच्या तीन त्या-त्या भावाच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर नेऊन मांडायच्या. मॅडम सर्व्हर बघतील, तिथं एकच दिसेल, खल्लास!

दुपारभर तो एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये नुसता पळत होता. संध्याकाळी चारही चुली वेगळ्या झाल्या. भाऊ तर इतके खूश झाले की विचारू नका! अप्पारावांनी आपल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. त्या नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं, पण शुभकार्यात एवढं चालायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधना मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, हसतमुख. सर्व्हरच्या खोलीत बसून त्यांनी लॅपटॉप जोडला.

"बघा मॅडम," भारत म्हणाला, "एक लायसन, एक इन्स्टन्स. आपल्याकडं सगळं काम बराबर असतंय!"

मॅडमनी एक बटण दाबलं. ऑफिसात जिथं जिथं तो डेटाबेस चालू होता, त्या सगळ्या कॉम्प्युटरची नावं पडद्यावर खाली खाली उतरली. अप्पाराव. रखमाजी. शिवाजी.

"हे तीन कोण?"

"ते... ते आमचे मालक."

"ते दिसतंय. त्यांच्या कॉम्प्युटरवर आमचा डेटाबेस चालू आहे आणि तिथलं लायसन नाही."

भारतने सगळं भडाभडा सांगून टाकलं. चारही आधी इथंच होते मॅडम, भीतीपोटी काल हलवले! मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अहो, पण तुमचं लायसन सर्व्हरचं आहे. या एका सर्व्हरवर तुमच्या फर्मचे चार चालवा नाही तर चौदा, एकच लायसन पुरतं! कालपर्यंत तुमचं सगळं कायदेशीर होतं. बेकायदेशीर तुम्ही काल दुपारी केलंत."

भारतला आधी हसू आलं, मग रडू आलं आणि शेवटी दोन्ही एकदमच यायला लागलं.

"मी रिपोर्ट जेवण झाल्यावर लिहिते," मॅडम उठत म्हणाल्या. "तेव्हा जे दिसेल, तेच लिहीन."

मोठ्या मनाची बाई! साहेबराव त्यांना वरच्या मजल्यावर आपल्या घरी जेवायला घेऊन गेले आणि भारत अप्पारावांच्या केबिनकडे सुटला.

"अप्पा, जल्दी! तुमचं परत सर्व्हरवर न्यायचंय!"

"न्हाई."

"अप्पा, माझी नोकरी जाईन!"

"एकदा वेगळा निघालेला माणूस परत येतो का रे? कालपासून कसं मोकळं मोकळं वाटून राह्यलं!"

रखमाजी म्हणाले, आधी अप्पा जाऊ दे. शिवाजीने तर केबिनला आतून कडी लावली आणि "मी मीटिंगमध्ये हाये!" असं एकटाच आतून ओरडला. भारतने दाराबाहेरून हात जोडले, पाया पडायची तयारी दाखवली, पण दाराला कुठे पाय असतात!

तेवढ्यात लाइट गेली.

सगळं ऑफिस गपगार. चालू राहिला तो फक्त सर्व्हर, कारण इन्व्हर्टर फक्त त्याच खोलीला होता. पाचच मिनिटांत जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि गाडीवाले पावतीसाठी बोंबलायला लागले. अप्पाराव तीरासारखे बाहेर आले.

"भारत! अरे, घे मला परत!"

"पण अप्पा, तुमचा डेटा त्या बंद पडलेल्या डब्यात हाये!"

"मंग डबाच आणतो!"

आणि आणला की! वायरी लोंबकळत असलेला कॉम्प्युटर पोटाशी धरून अप्पाराव पळत सुटले. त्यांच्यामागे रखमाजी आपला घेऊन. शिवाजीच्या दाराची कडी आतून अडकली, म्हणून त्याने आपला खिडकीतून भारतच्या हातात दिला. जालन्याच्या बाजारात वजन असलेले दोन मालक लोक आणि त्यांच्यामागे भारत, बाळंतिणीने बाळ घ्यावं तसे डबे घेऊन सर्व्हरच्या खोलीत घुसले! एक डबा इन्व्हर्टरला जोड, डेटा सर्व्हरवर टाक, डब्यातलं पुसून काढ, पुढचा जोड. मध्येच भारतने वर फोन लावला.

"साहेब, आणखी थोडा वेळ पाहिजे!"

"मालनबाई," फोनमधून साहेबरावांचा स्वयंपाकाच्या बाईंना सांगणारा आवाज आला, "मॅडमला आणखी एक पुरणपोळी वाढा!"

"अहो, ही पाचवी!" मॅडम कळवळल्या.

"आमच्याकडं पाचच्या खाली धरतच न्हाईत!"

मॅडम जिना उतरून आल्या, तेव्हा लाइट आली होती, डबे आपापल्या केबिनमध्ये परतले होते आणि शिवाजीचीही सुटका झाली होती. मॅडमनी जड डोळ्यांनी बटण दाबलं. एकच सर्व्हर. त्यावर चार इन्स्टन्स. बाकी कुठे काही नाही.

"छान," त्या म्हणाल्या आणि सही केली.

साहेबरावांनी भारतच्या पाठीवर असा रट्टा मारला की तो सर्व्हरवर जाऊन आदळला. "शाब्बास! आजपासून तू मॅनेजर!" भारतचे डोळे भरून आले. प्रियदर्शनीला हे कधी सांगतो, असं त्याला झालं.

"मॅडम, म्हंजे एका लायसनवर पाहिजे तितक्या चुली?" साहेबरावांनी विचारलं.

"हो. या एका सर्व्हरवर कितीही."

साहेबरावांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथंच अंबडला फोन लावला. "राधेश्याम! अरे मेव्हण्या, तुझ्या दुकानाला लायसन घेऊ नको! आमच्या सर्व्हरवर ये! तुझ्या व्याह्याला बी आण! आमचा मॅनेजर सगळ्यांचं बसवून देतो!"

भारत दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होता. मॅडम दारात थबकल्या.

"दुसऱ्या फर्मचं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"लाजू नका मॅडम," साहेबराव म्हणाले, "तुमच्या भावाबिवाचं दुकान असंन तर त्याचं बी टाकू!"

मॅडम परत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. नवे मॅनेजर मुकाट्याने चहा सांगायला बाहेर गेले.